पंख्याचा चार्ज

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय होतं. खाली पुस्तकं आणि वर्तमानपत्रं, वर अभ्यासिका. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली सकाळी सहाला येत आणि रात्री दहाला जात. एका कंपनीने आपले जुने लॅपटॉप बदलले, तेव्हा त्यातले सहा या वाचनालयाच्या वाट्याला आले. विंडोजच्या परवान्याला पैसे नव्हते, म्हणून त्यांच्यावर लिनक्स घातलं गेलं. मुलं त्यांच्यावर अर्ज भरत, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवत, चालू घडामोडी वाचत.

रात्रीचा चौकीदार सोडला तर वाचनालयात पगारी माणसं दोनच. ग्रंथपाल बाई आणि शिपाई मामा. तिसरा बिनपगारी. तो अभ्यासिकेतलाच एक पोरगा होता, बी.एस्सी. झालेला, दोनदा पूर्वपरीक्षेत अडकलेला. त्याला संगणकात गती होती. प्रिंटर अडला, नेट गेलं, पासवर्ड हरवला की बाई त्यालाच हाक मारत.

त्या सहाही लॅपटॉपना एक खोड होती. झाकण मिटलं की ते झोपत, उघडलं की जागे होत, आणि जागे होताच त्यांचा पंखा पूर्ण वेगाने सुटायचा. मशीन थंडगार असलं तरी सुटायचा, आणि मग थांबायचं नाव घेत नसे. दोन-तीन लॅपटॉप एकदम उघडले की वाचणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडत. मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केलं की पंखा शहाण्यासारखा वागे. म्हणून मामांनी पाटी लिहून लावली : ‘झाकण मिटू नये. मशीन बंद करून जावे.’ पाटी सगळ्यांनी वाचली. झाकणं मिटली जातच राहिली.

डिसेंबरात बाई पोराला म्हणाल्या, “बघ रे, काही करता आलं तर. पोरं फार कुरकुर करतात.”

पोरगा बसला. लिनक्समध्ये मशीनच्या आतली हालहवाल साध्या फाइलींत वाचता येते. तापमानाच्या फाइलीत ४५००० दिसलं तर मशीन ४५ अंशांवर आहे, कारण तिथे अंशाचा हजारावा भाग मोजतात. दुसऱ्या फाइलीत पंख्याचे मिनिटाला किती फेरे होतात ते दिसतं. तिसरीत शून्य ते २५५ यांतला एक आकडा असतो. २५५ म्हणजे पूर्ण जोर, शून्य म्हणजे बंद. आणि तिच्या शेजारी एक छोटी फाइल असते, पंखा कुणाच्या ताब्यात आहे ते सांगणारी. तिच्यात दोन असेल तर पंखा मशीन स्वतः सांभाळतं. एक असेल तर तो तुमच्या ताब्यात. शून्य असेल तर ताबा कुणाचाच नाही, आणि ताबा कुणाचाच नाही म्हणून पंखा पूर्ण वेगाने.

पोराने एक लहानशी स्क्रिप्ट लिहिली. छोट्या फाइलीत एक टाकायचा आणि पंखा ताब्यात घ्यायचा. मग दर पाच सेकंदांनी तापमान बघायचं. ६० अंशांच्या खाली असेल तर पंख्याला ७० चा जोर, वर गेलं तर जास्त. मशीन सुरू झालं की स्क्रिप्टही आपोआप सुरू.

अभ्यासिका शांत झाली. बाईंनी पोराला चहा पाजला. वाचनालयाच्या अध्यक्षांनी वार्षिक सभेत त्याचं नाव घेतलं आणि ते इतिवृत्तातही आलं. मामांनी पाटी काढून कपाटामागे ठेवली.

हिवाळा सरला. मार्च उलटला तसे मामांनी माळ्यावरचे दोन लोखंडी कूलर काढले, त्यांच्या जाळ्यांत नवं गवत भरलं आणि ते खिडक्यांना लावले. कूलर एकदा सुरू झाले की खोलीत दुसरा कुठला आवाज उरत नसे. एप्रिलमध्ये बाहेर ४३ अंश होते. मुलं ओला रुमाल मानेवर ठेवून वाचत होती.

अशाच एका दुपारी खिडकीजवळच्या लॅपटॉपवर एक मुलगी अर्ज भरत होती. मुदतीचा शेवटचा दिवस होता. शुल्क भरायच्या पानावर ती पोचली आणि पडदा काळा झाला. तिने बटण दाबून पाहिलं. काही झालं नाही. तिने मशीन उचलायला खाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. संध्याकाळी बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत तिने अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरला. तो गेला. पण तोवरची दुपार तिने कशी काढली ते अभ्यासिकेतल्या सगळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोरगा सहाच्या आधीच आला. त्याने ते मशीन चालू करून त्याची नोंदवही उघडली. कालच्या दुपारची शेवटची ओळ अशा अर्थाची होती : तापमान धोक्याच्या हद्दीला पोचलं आहे, मशीन बंद करत आहे. म्हणजे मशीन बिघडलं नव्हतं. जळण्यापेक्षा बंद झालेलं बरं, असा विचार करून ते शहाणपणानेच बंद झालं होतं. प्रश्न पंख्याचा होता.

त्याने झाकण मिटलं, थोडा वेळ थांबला, झाकण उघडलं. कान लावला. काही ऐकू आलं नाही. फेऱ्यांच्या फाइलीत शून्य होतं. जोराच्या फाइलीत ७०. ताब्याच्या फाइलीत एक. आणि त्याची स्क्रिप्ट चालूच नव्हती.

कारण सापडायला वेळ लागला नाही. मशीन झोपेतून उठलं की पहिला क्षणभर तापमान वाचता येत नव्हतं, फाइल उत्तराऐवजी चूक दाखवत होती. आणि चूक आली की थांबायचं, असं पोरानेच स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवलं होतं. ती इमानाने थांबली होती. जाताना पंखा मात्र ७० च्या जोरावर, स्वतःच्या नावावर ठेवून गेली होती.

त्यात आणखी एक गोम होती. फिरता पंखा ७० च्या जोरावर फिरत राहतो. थांबलेला पंखा तेवढ्या जोरावर सुटेलच असं नाही, त्याला सुरुवातीला जास्त रेटा लागतो. पंखा जुना असेल, पात्यांवर धूळ बसलेली असेल तर फारच. लिनक्सवर पंखे सांभाळणारा ‘फॅनकंट्रोल’ नावाचा एक जुना, अनुभवी प्रोग्राम आहे. त्यात पंखा सुटायचा आकडा वेगळा आणि थांबायचा वेगळा मांडलेला असतो. पोराने तो कधी उघडून पाहिला नव्हता.

स्क्रिप्ट हिवाळ्यातही कितीदा तरी अशीच गेली असणार. खोली थंड होती, पंखा कसाबसा सुटत होता, म्हणून भागलं. उन्हाळा आला तेव्हा पंखा फिरत नाही हे ऐकायला हवं होतं, पण कूलरच्या आवाजात ते कुणाला ऐकू येणार?

मामा झाडू घेऊन वर आले. पोराचं तोंड पाहून त्यांनी विचारलं, “काऊन रे पोरा, काय झालं?”

पोराने सांगितलं. त्या लॅपटॉपमध्ये मुख्य प्रोसेसरखेरीज एक छोटी चिप असते. तिला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात. कीबोर्ड, बॅटरी, पंखा अशी घरची कामं ती बघते. लिनक्स असो, विंडोज असो, काहीच चालू नसो, पंखा सांभाळायचं तिला येतं. माझ्या प्रोग्रामने पंखा तिच्या हातातून काढून घेतला आणि प्रोग्राम मध्येच मेला.

मामांना चिप कळली नसावी. बाकीचं कळलं. ते म्हणाले, “मंग तुहा प्रोग्राम गेला तवा चाबी कोनापाशी देऊन गेला?”

“कोणापाशीच नाही, मामा.”

मामा खाली गेले आणि जाड पुठ्ठ्याची एक वही घेऊन आले. ती वाचनालयाची चार्जवही होती. रोज रात्री मामा घरी जात आणि चौकीदार येई, तेव्हा तिच्यात एक ओळ पडे. तारीख, वेळ, चाब्या किती, कपाटं बंद की उघडी, कूलरची बटणं बंद केली का, आणि शेवटी दोन सह्या. चार्ज दिला. चार्ज घेतला. सकाळी तीच गोष्ट उलटी.

“आधी हे वही नव्हती,” मामा म्हणाले. “एक चौकीदार सासुरवाडीले लग्नाले गेला आन् चाबी खिशात घेऊन गेला. बाईले वाटलं माह्यापाशी हाय, मले वाटलं बाईपाशी. तीन दिवस कुलूप. तवापासून पाहिल्याबिगर घेत नाई आन् देल्याबिगर जात नाई.”

एवढं बोलून ते झाडायला लागले.

पोराने त्या दिवशी सहाही मशीनवरची स्क्रिप्ट बंद केली आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केली. पंखे चिपकडे परत गेले. झाकण उघडल्यावर होणारा आवाजही परत आला. मामांनी न सांगता कपाटामागची पाटी काढून पुन्हा भिंतीला लावली. मुलं कुरकुरली. पोरगा काही बोलला नाही.

त्या आठवड्यात त्याने सहाही लॅपटॉप उघडले. स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले. रंगाच्या मऊ कुंचल्याने पात्यांवरची धूळ काढली. फुंकणीने हवा मारताना पातं एका बोटाने धरून ठेवलं, नाहीतर हवेच्या झोताने पंखा भलत्या वेगात फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. पंखा आणि तांब्याची जाळी यांच्या मध्ये धुळीचा चक्क नमदा तयार झाला होता. तो चिमट्याने अख्खा निघाला. खिडकीजवळच्या मशीनचा पंखा बोटाने ढकलला तरी अडखळत होता. तो नागपूरहून मागवून बदलला.

मग तो मूळ दुखण्याकडे वळला. झोपेतून उठल्यावर पंखा पूर्ण वेगाने का सुटतो?

लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने लिहायला घेतला. आज त्यात तीन कोटींहून जास्त ओळी आहेत आणि त्यातली प्रत्येक ओळ कुणालाही वाचता येते. या लॅपटॉपच्या पंख्याशी बोलणारा भाग, म्हणजे ड्रायव्हर, त्या ढिगाऱ्यात काही शे ओळींचा होता. पोरगा रात्री अभ्यासिका बंद झाल्यावर घरी तो वाचत बसायचा. मुख्य परीक्षेचं पुस्तक उशाला पडून असायचं.

एका रात्री त्याला सापडलं. ड्रायव्हरने स्वतःपाशी एक रकाना ठेवला होता, पंखा सध्या कुणाच्या ताब्यात आहे ते लिहून ठेवायला. कर्नल अशी जागा देताना ती पुसून, शून्यं भरून देतो. ड्रायव्हर सुरू होताना त्याने चिपला एकदा विचारायला हवं होतं, की बाई गं, पंखा आत्ता कुणाकडे आहे? ते त्याने कधी विचारलंच नव्हतं. मशीन झोपेतून उठलं की ड्रायव्हर आपला रकाना वाचून तोच आकडा चिपला सांगायचा. रकान्यात शून्य होतं. आणि शून्याचा ठरलेला अर्थ होता, पूर्ण वेग.

पूर्ण वेग कुणीही मागितला नव्हता. एक रिकामा रकाना हुकूम म्हणून वाचला गेला होता.

पोराने तीन ओळींची दुरुस्ती लिहिली. ड्रायव्हर सुरू होताना चिपला विचारायचं आणि तिचं उत्तर रकान्यात ठेवायचं. एका लॅपटॉपवर चालवून पाहिली. झाकण उघडलं, पंखा गप्प राहिला. अशा दुरुस्त्या साध्या मजकुराच्या मेलमधून पाठवायच्या असतात. शेवटी स्वतःच्या नावाची एक ओळ घालायची असते. हे काम इथे द्यायचा मला हक्क आहे आणि त्याची जबाबदारी माझी, अशा अर्थाची. कर्नलमध्ये ही रीत २००४ पासून आहे. ड्रायव्हर कोण सांभाळतं त्याची यादीही कर्नलमध्येच असते. त्या यादीतल्या माणसाला पोराने मेल पाठवला.

सांभाळणारा परदेशात कुठेतरी होता. त्याचं उत्तर आलं. त्यात शाबासकी नव्हती, रागही नव्हता. प्रश्न होते. चिपने उत्तर दिलंच नाही तर तुमचा कोड काय करतो? ड्रायव्हर मध्येच काढून टाकला तर पंखा कुणाकडे जातो? मशीन झोपायला जाताना कुणाकडे असतो? तुम्ही किती मॉडेलांवर तपासलं?

पोराला वाचताना मामांची वही आठवली. प्रश्न तेच होते, फक्त इंग्रजीत.

त्याने दुसरी आवृत्ती लिहिली. ती पाठवल्यावर एका थंड देशातल्या अनोळखी माणसाने कळवलं, की माझ्याकडे याच जातीचा पण थोडा नंतरचा लॅपटॉप आहे. तुमची दुरुस्ती घातली आणि माझा पंखा आपोआप चालेनासा झाला. सोबत त्याने नोंदवहीची पानं जोडली होती. पोराने पाहिलं. त्या चिपने दिलेला आकडा ड्रायव्हरला ठाऊकच नव्हता. पोराच्या कोडमध्ये लिहिलं होतं, उत्तर ‘आपोआप’ नसेल तर ‘हाताने’ समज. म्हणजे जुन्या ड्रायव्हरने जे शून्याचं केलं होतं, तेच त्याने त्या अनोळखी आकड्याचं केलं होतं.

सांभाळणाऱ्याने दोन वाक्यं लिहिली. कळलेल्या उत्तरावरच पुढे जा. कळलं नाही तर पंखा चिपकडेच राहू द्या आणि हात लावू नका.

पोराने तसं केलं. मग सांभाळणाऱ्याने सगळं एकत्र पाठवू नका असं सांगितलं. एका दुरुस्तीत एकच गोष्ट असावी, म्हणजे उद्या काही मोडलं तर नेमकं काय उलटवायचं ते कळतं. पोराने तीन तुकडे केले. पहिला, सुरुवातीला विचारून घ्यायचं. दुसरा, ड्रायव्हर काढला, मशीन बंद झालं किंवा झोपायला निघालं, की पंखा चिपला परत द्यायचा. हे दोन तुकडे सरळ पुढे गेले.

तिसऱ्यावर अडलं. पंखा एखाद्या प्रोग्रामने ताब्यात घेतला आणि तो प्रोग्राम मेला तर? ड्रायव्हरला ते कळत नाही. त्याला फक्त शेवटचा आकडा माहीत असतो. पोराचं म्हणणं होतं, काही वेळ नवा आकडा आला नाही तर ताबा गेला असं समजून पंखा चिपला परत द्यावा. सांभाळणारा म्हणाला, कल्पना जुनी आणि चांगली आहे. थिंकपॅड लॅपटॉपच्या ड्रायव्हरमध्ये असा राखणदार कित्येक वर्षं आहे. त्याला १२० सेकंदांपर्यंतची मुदत देता येते. त्या मुदतीत पंख्याबद्दल कुणी काही बोललं नाही, तर तो पंखा सुरक्षित अवस्थेत नेऊन ठेवतो. पण तिथेही तो आपण होऊन चालू नसतो, वापरणाऱ्याला मागावा लागतो.

पोराला तो सुरुवातीपासूनच चालू हवा होता. त्याच्या डोळ्यांसमोर खिडकीजवळची मुलगी होती. सांभाळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वेगळी माणसं होती. पंख्याचा आकडा एकदाच ठरवून वर्षानुवर्षं तसाच ठेवणारे कुणी कुठे असतील. नवा कर्नल घातल्यावर दोन मिनिटांत त्यांचा पंखा त्यांच्या हातून गेला, तर त्यांचं चालू असलेलं काम आपण मोडलं असं होईल. आणि वापरणाऱ्याचं चालू असलेलं मोडायचं नाही, हा टोरवाल्ड्सचा दंडक. त्यासाठी तो भल्याभल्यांवर चिडलेला आहे. शेवटी राखणदार आला, पण मागितला तरच. झोपेतून उठल्यावरही, पंखा कुणी हाताने चालवत असेल तर त्याला तो तसाच परत मिळणार, हेही कायम राहिलं. पोराला ते पटलं नाही. मला विचाराल तर मी पोराच्या बाजूचा. पण ड्रायव्हर जो सांभाळतो त्याला जगभरचे लॅपटॉप दिसत असतात, आणि मला एक अभ्यासिका.

आणखी एक लहानसा अडथळा आला. दुरुस्तीच्या खाली अशी एक ओळ घालायची असते, की ही दुरुस्ती अमुक जुन्या बदलातली चूक सुधारते. त्या जुन्या बदलाच्या ओळखक्रमांकाची पहिली १२ अक्षरं आणि त्याचं शीर्षक तिथे लिहायचं. तो बदल ज्याने केला होता त्याचं नाव पोराने पाहिलं होतं. त्याला ते चुगली केल्यासारखं वाटलं. त्याने ओळ गाळली. सांभाळणाऱ्याने ती घालायला सांगितली. दोष कुणाचा हे लिहायला ती नसते, जुने कर्नल सांभाळणाऱ्यांना ही दुरुस्ती कुठवर मागे न्यायची ते कळावं म्हणून असते. पोराने ओळ घातली आणि रीतीप्रमाणे त्या जुन्या माणसालाही मेलची प्रत गेली. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं. पाहिलं, बरोबर आहे, आणि खाली तपासल्याची सही. त्याच्याकडे त्या काळी एकच लॅपटॉप होता आणि तो टेबलावर कायम उघडाच असे, एवढं त्याने पुढे जोडलं होतं.

दुरुस्ती स्वीकारली गेली तेव्हा पावसाळा संपत आला होता. कर्नलची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी निघते. तिथून बदल जुन्या आवृत्त्यांत उतरतो, मग ज्या त्या लिनक्सच्या वितरणात, आणि मग कुणीतरी ‘अपडेट’ वर बोट ठेवतं. वाचनालयापर्यंत ती दिवाळीच्या सुमारास पोचली. मधले सगळे महिने मामा रोज रात्री सहाही मशीन हाताने बंद करत होते.

अपडेट झाल्याच्या दुसऱ्या सकाळी पोराने मामांना वर बोलावलं. मामांनी एकेक करून सहा झाकणं उघडली. पंखे क्षणभर फिरले आणि कमी झाले. एक जरा जास्त वेळ फिरला, कारण झाकण मिटेपर्यंत त्याच्यावर काहीतरी उतरत होतं आणि तो खरोखरच तापला होता. मामांनी पाटी काढली. या वेळी कपाटामागे न ठेवता तिचा पुठ्ठा चार्जवहीला कव्हर म्हणून घातला.

पोराने आपली जुनी स्क्रिप्ट सहाही मशीनवरून पुसून टाकली. तिची गरज उरली नव्हती.

बाईंना या सगळ्याचा नीट पत्ता नव्हता. त्यांनी विचारलं, “मग तू एवढे महिने नेमकं केलंस काय रे?”

पोरगा म्हणाला, “काही नाही बाई. पंखा ज्याचा होता त्याला परत दिला.”

यंदाच्या वार्षिक सभेत त्याचं नाव निघालं नाही. निघण्यासारखं काही दिसतही नव्हतं. पहिल्या वेळी त्याने आवाज बंद केला होता, तो सगळ्यांना ऐकू आला. दुसऱ्या वेळी त्याने घेणं-देणं नीट लावलं, ते कुणाच्या कानावर पडायचं कारण नव्हतं. आपल्याकडे मंडळाचे हिशेब, सोसायटीची पाण्याची टाकी, म्हाताऱ्या माणसाच्या औषधांच्या वेळा असं कितीतरी उत्साहाने हातात घेतलं जातं. घेताना आधी काय चालू होतं ते कुणी विचारत नाही, आणि सोडताना ते कुणाकडे गेलं तेही कुणी पाहत नाही. मध्ये शेवटचा ठरवलेला आकडा तसाच राहतो, आणि ऋतू बदलला की कुणाच्या तरी अर्जाच्या पानावर पडदा काळा होतो.

तुमच्या लॅपटॉपवर पंखा शांत ठेवणारा एखादा प्रोग्राम तुम्ही कधी घातला असेल, तर तो अजून चालू आहे का ते उन्हाळ्याआधी एकदा पाहून घ्या. ताब्याच्या फाइलीत दोन असेल तर काळजी नाही. एक असेल तर तो एक कुणाचा, ते शोधा.